सोलापूरच्या गल्लीतलं बालपण कादंबरीत कसं आणावं

नवख्या लेखकांची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात. त्यांतल्या पुष्कळांत सोलापूरच्या पूर्व भागातलं एखादं पोर असतं. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर जातात, पत्र्याच्या दोन खोल्यांत पाच-सहा माणसं राहतात. विषय अस्सल असतो. लिहिणारा बहुधा तशाच गल्लीतून वर आलेला असतो. तरीही दहाव्या पानापर्यंत त्या पोरातला जीव निघून जातो. त्याच्या तोंडून चाळिशीतला माणूस बोलायला लागतो, आणि त्या माणसाला वाचकाला रडवायची घाई असते.

या लेखात कादंबरीचं सगळं तंत्र नाही. शहरातल्या ओढगस्तीत वाढणाऱ्या मुलाचं निरागसपण कागदावर कसं टिकवायचं, एवढ्यापुरतंच लिहितो. ज्यांनी अजून एकही पान लिहिलेलं नाही त्यांच्यासाठी हे आहे.

सगळ्याच्या मुळाशी माझं एक म्हणणं आहे. कष्टकरी घरातल्या मुलाला जवळपास सगळं ठाऊक असतं. हजार विड्यांमागे आईच्या हातात किती पडतात, किराणावाल्याच्या वहीत किती उधारी आहे, पाणी कोणत्या रात्री येणार, वडील कुठल्या वारी पिऊन येतात, सगळं. त्याच्याकडे नसतो तो निकाल. हे सगळं मिळून ‘वाईट’ होतं, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हा मुलाला हिशेब पुरेपूर द्या, निकाल वाचकावर सोडा. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

आधी साल, मग वय

पहिल्या कोऱ्या पानावर साल लिहा. ‘त्या काळी’ असं म्हणून सुरुवात केली की सोलापूर हातातून निसटतं, कारण या शहराचा प्रत्येक काळ वेगळ्या आवाजाचा आहे. ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी १८७७ सालची. तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या आणि अर्धं शहर भोंग्यावर उठू-जेवू लागलं. विसावं शतक संपता संपता मोठ्या गिरण्या एकेक करून थंडावल्या, आणि चादरी-टॉवेलांचा भार गल्लीबोळांतल्या यंत्रमागांवर आला. १९८० साली नऊ वर्षांचं असलेलं मूल भोंग्यावरून वेळ सांगेल. २०१५ सालचं मूल यंत्रमागाच्या खडखडाटात झोपेल आणि वीज गेली की आवाज थांबल्यामुळे जागं होईल.

काही तारखा अशा आहेत की त्या तुमच्या कादंबरीच्या काळात येत असतील तर टाळू नका. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट घ्या. किल्लारीचा भूकंप झाला, सोलापूरही हादरलं, आणि लोक कित्येक रात्री घराबाहेर झोपले. मोठ्यांसाठी ती भीती होती. सात वर्षांच्या पोराला मात्र सगळी गल्ली रस्त्यावर एकत्र झोपते, आजी गोष्ट सांगते आणि शेजारची पोरं हाताच्या अंतरावर असतात, याहून मोठा सण दुसरा वाटला नसेल. २००६ साली सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये कुंभारीतल्याच रे नगर या कामगार वसाहतीतल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या मिळाल्या. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाणारं मूल काय पाहतं? मोरी घरातच आहे, हे पाहतं. आणि जुनी मैत्रीण बसच्या अंतरावर गेली, हेही. मार्च २०२० मध्ये माग बंद पडले. तोही एका पिढीच्या बालपणाचा भाग झाला आहे.

साल ठरल्यावर वय ठरवा, आणि मग त्या वयाशी इमान राखा. सहा वर्षांच्या मुलाला पैसा नाण्यांच्या आकारावरून कळतो, उधारी कळत नाही. नऊ वर्षांचं मूल दुकानात एकटं जातं, उरलेले पैसे मोजून आणतं, निरोप पोचवतं आणि ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं दुसरीकडे बोलून दाखवतं. कादंबरीकाराला हे वय सोन्यासारखं. बारा वर्षांच्या मुलाला लाज कळायला लागते, आणि लाजेबरोबर सगळी नजरच बदलते. पहिलीच कादंबरी असेल तर मी आठ ते दहा हे वय सुचवीन.

सोयीसाठी एक पात्र धरू. चिमी, वय नऊ, साखर पेठेच्या पुढची एक गल्ली, साल २०१५. पुढची सगळी उदाहरणं तिचीच.

घरातलं काम हाताला कळू द्या

आई विड्या वळते, एवढं लिहून पुढे जाता येत नाही. आई ज्या सुपात विड्या वळते त्या सुपाच्या कडेला चिमीचं सगळं बालपण गेलेलं आहे, तेव्हा ते सूप तुम्हाला आतून माहीत हवं.

कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा घरी येतो. पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, नाहीतर कापताना तडकतात. पत्र्याचा ठरावीक मापाचा तुकडा पानावर ठेवून त्याच्या कडेनं कात्री फिरवायची. कापलेल्या पानात चिमटीनं तंबाखू पसरायची, अंगठा आणि बोटांमध्ये पान वळत न्यायचं, निमुळत्या टोकाकडे दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि रुंद तोंड नखानं आत मुडपायचं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. मजुरी हजारावर. दुसऱ्या दिवशी माल कारखान्यात नेऊन द्यायचा. तिथं तो तपासला जातो, पसंत न पडलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात, आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. पान निकृष्ट निघालं, फाटकं निघालं, तर हजाराचा आकडा भरायला पदरचं पान आणावं लागतं.

या सगळ्यात चिमी काय करते, हे नेमकं ठरवा. तोंडं मुडपणं हे लहान बोटांना जमणारं काम. कट्टे बांधताना मोजणं हेही तिचंच. तिचे पाढे शाळेच्या आधी इथं पक्के झालेले असतील, आणि पंचवीसचा पाढा तिला वर्गात सगळ्यांच्या आधी येत असेल. गुरुजी त्याबद्दल तिला शाबासकी देतील. ती शाबासकी लिहा आणि पुढे जा. तिथं थांबून ‘पण त्या शाबासकीमागे किती रात्री होत्या’ असं काही जोडू नका. वाचकानं ते केव्हाच जोडलेलं असतं.

एक प्रसंग जरा जवळून पाहू. शाळेच्या भिंतीवर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा फलक असतो. मुलांना तंबाखूच्या दुष्परिणामांवर चित्र काढून आणायला सांगितलंय. चिमी रात्री दिव्याखाली, आईच्या सुपाशेजारी, पालथी पडून चित्र काढते. वर्तुळ, त्यात विडी, विडीवर लाल फुली. फुलीची रेघ सरळ येत नाही, म्हणून ती पट्टी आईच्या हातात देते. आईची बोटं तंबाखूनं पिवळट झालेली. ती साडीला हात पुसते, कागद डागाळू नये म्हणून, आणि पट्टी घट्ट धरून बसते. चिमी रेघ ओढते. आई विचारते, “चांगली आली का गं?” चिमी म्हणते, “विडी बरोबर काढलीय बघ, दोरा पण दाखवलाय.”

इथं प्रसंग संपला. आईच्या डोळ्यांत पाणी नको, चिमीला अचानक काही उमगायला नको. चिमीला अभिमान आहे तो वर्गात तिच्याइतकी हुबेहूब विडी कुणाला काढता येणार नाही याचा. निरागसपण म्हणतात ते एवढंच असतं आणि ते खरं असतं.

कामाची कायदेशीर बाजूही लेखकाला माहीत असावी, जरी चिमीला ती माहीत नसली. १९८६ च्या बालकामगार कायद्यात मुलांना मनाई असलेल्या कामांत विडीचं काम होतं, पण कुटुंबानं घरात चालवलेल्या कामाला ती मनाई लागू नव्हती. म्हणून चिमीच्या आईच्या बालपणी दारात बसून तोंडं मुडपणारी मुलगी कुठल्याच हजेरीपटावर नव्हती. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क मिळाला. २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्यांना कामावर ठेवायला सरसकट बंदी आली, आणि शाळा सुटल्यावर घरच्या बिनधोक कामात हातभार लावण्याची मुभा राहिली. आई आणि मुलगी, दोघींच्या लहानपणात हे कायदे आडवे येतात. तुमच्या कादंबरीत आजीही असेल तर तीन पिढ्यांची तीन बालपणं आपोआप शेजारी बसतील.

यंत्रमागाचं सांगायचं तर, वडिलांचं काम चिमीला आईच्या कामाइतकं जवळून दिसत नाही. तिला ते परिणामांतून कळतं. वडील घरी मोठ्यानं बोलतात, कारण दिवसभर खडखडाटात ओरडून बोलायची सवय. केसांत कापसाची पिंज. रात्रपाळी असली की दिवसा घरात खेळायचं नाही, कुजबुजायचं. डबा द्यायला गेली तर धोटा, कांड्या, बीम एवढे शब्द तिच्या कानावर पडलेले. तेवढंच पुरे.

हिशेब द्या, निकाल नको

आता मुख्य काम. एका वहीत दोन पानं समोरासमोर घ्या. डावीकडे चिमीला काय काय ठाऊक आहे ते लिहा, उजवीकडे त्याच गोष्टीला मोठी माणसं काय म्हणतात ते. डावीकडे: पाणी चार दिवसांनी येतं, कधीकधी रात्री दोनला. उजवीकडे: पाणीटंचाई, ढिसाळ कारभार, उजनी धरण भरलं तरी हेच. डावीकडे: अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, उचल घेतलीय म्हणून मालक आला की घरात नाहीत असं सांगायचं. उजवीकडे: कर्जबाजारीपणा. डावीकडे: ताईची शाळा सातवीनंतर संपली, आता ती दिवसभर घरी असते. उजवीकडे: शिक्षण सुटलं.

मुलाच्या नजरेनं लिहिताना उजव्या पानावरचा एकही शब्द वापरायचा नाही. डाव्या पानावरून मात्र काहीही गाळायचं नाही. सुरुवातीला हात बांधल्यासारखं वाटेल. आठवडाभर रोज लिहिलंत की कळेल, डावं पानच जास्त बोलतं.

हे वाक्य घ्या: ‘चिमीच्या निष्पाप डोळ्यांना गरिबीची दाहकता अजून उमगली नव्हती.’ यात चिमी कुठंच नाही. वर उभं राहून कुणीतरी तिच्या डोक्यावरून हात फिरवतंय. आता हे पाहा:

‘पाणी रात्री आलं की मजा. सगळ्यांचे दिवे लागतात. शेजारची मावशी झोपेत चालते आणि घागर उलटी धरते. आई सूप बाजूला ठेवते, मग तिचे हात मोकळे असतात. भांडी भरून झाली की ती पायरीवर बसते आणि माझी वेणी घालते. रात्री तीनला वेणी. सकाळी शाळेत मीच सगळ्यात आधी तयार.’

यात टंचाई आहे, जागरण आहे, दिवसभरात वेणी घालायलाही सवड नसलेली बाई आहे. चिमीनं यातलं काही सांगितलेलं नाही. ती वेणीबद्दल बोलतेय.

यावरून एक उपाय हाती लागतो, आणि मी तो नवख्यांना सगळ्यात आधी देतो. प्रत्येक कठीण प्रसंगात, मोठ्यांचा तोटा होत असताना मुलाला काय मिळतंय ते शोधा. माग बंद पडला, वडील घरी बसले: चिमीला पहिल्यांदाच दुपारी वडील मिळाले. ते तिला पतंग करून देतात, शाळेपर्यंत सोडायला येतात, आणि ती मैत्रिणींना मिरवून सांगते, “माझे अण्णा आता रोज घरीच असतात.” टीव्ही विकला: ज्या कोनाड्यात तो होता तिथं आता तिला पाय मुडपून बसता येतं, ती तिची खोली झाली. ताईची शाळा सुटली: रात्री अभ्यास घ्यायला हक्काचं माणूस मिळालं. वाचकाच्या घशात आवंढा येतो तो इथं, कारण चिमीचा आनंद खरा असतो आणि तो कशाच्या बदल्यात आलाय हे वाचकाला दिसत असतं.

पण हा उपाय सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. भूक, आजारपण आणि मार यांतून मुलाला काहीच मिळत नाही. तिथं ओढूनताणून आनंद शोधलात तर ते गरिबीचे गोडवे गाणं होईल, आणि ज्यांनी ते भोगलंय त्यांचा तो अपमान आहे. उपाशी मुलाला भूकच लागते. तो प्रसंग साधा, छोटा, शरीरापुरता लिहा. पोटात काय होतं, झोप कशी येत नाही, भाकरीचा वास कुठल्या घरातून येतो. आणि पुढे चला.

मूल लबाडही असतं

नवख्यांच्या लिखाणातलं गरीब मूल फार चांगलं वागतं. आपल्या वाटचं दुसऱ्याला देतं, आईला धीर देतं. एवढं समंजस पोर मी गल्लीत पाहिलेलं नाही. चिमीनं खोटं बोलावं, दुकानातून उरलेल्या पैशांतला रुपया दाबावा, नळावर आपली घागर पुढे सरकवण्यासाठी दुसरीला चिमटा काढावा. शेवटच्या खोलीतल्या नव्या भाडेकऱ्यांच्या पोरीला खेळात घेऊ नये, कारण घरात मोठ्यांच्या तोंडून काहीतरी ऐकलंय आणि त्याचा अर्थ न कळताच ते तिनं उचललंय.

जात आणि धर्म मुलांपर्यंत असेच पोचतात. कुणाच्या घरचं पाणी प्यायचं, कुणाच्या घरी उंबऱ्याबाहेरून हाक मारायची, हे नऊ वर्षांच्या मुलाला घराच्या नकाशासारखं पाठ असतं. कारण विचारलं तर त्याला सांगता येत नाही. कादंबरीत हे यायलाच हवं, आणि चिमीच्या क्रूरपणासकट यायला हवं. तिला माफ करायची घाई लेखकानं करू नये.

बोली

सोलापूरचं मूल तीन-चार भाषांच्या मधोमध वाढतं. चिमी पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या, घरातली असेल तर घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी हिंदी, आणि बाजारात भाजीवाल्या आजीशी चार शब्द कानडी. महापालिकेच्या शाळाही मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा माध्यमांच्या. एकाच वाक्यात भाषा बदलणं ही चिमीसाठी करामत नाही, रोजचं श्वास घेणं आहे. म्हणून लेखकानंही ते मिरवू नये. ‘अम्मा’, ‘अक्का’ हे शब्द येऊ द्या, तळटीप देऊ नका. न कळलेला शब्द वाचक दुसऱ्या वेळेला संदर्भानं उचलतो.

“काय करालालास बे?” “येलालोय की!” ही बोली संवादात ठेवायची की निवेदनातही, हे पहिल्या प्रकरणाआधी ठरवा आणि मग डगमगू नका. माझं मत विचाराल तर पहिल्या कादंबरीत संवाद पूर्ण सोलापुरी ठेवा आणि निवेदन साध्या बोलीभाषेतल्या मराठीत, सोलापुरी चालीचं. दर वाक्याला ‘बे’ पेरलं की गावाबाहेरच्या वाचकाला गंमत वाटेल, गावातला वाचक पुस्तक मिटेल. नऊ वर्षांची मुलगी वडिलांशी ‘बे’ म्हणत नाही, भावाशी म्हणते. गुरुजींसमोर ती वेगळीच मराठी बोलते, पुस्तकातली, जरा थांबत थांबत. एवढे बारकावे सांभाळलेत तरी बोली जिवंत राहते.

बोबडे शब्द मात्र अजिबात नकोत. मुलं स्वतःला बोबडी ऐकत नाहीत.

पायी फिरता येईल तेवढंच शहर

चिमीच्या शहराचा नकाशा काढा, तिच्या पावलांनी. घर, नळ, किराणा, शाळा, विडी कारखाना, मामाचं घर. कन्ना चौकाच्या पलीकडे ती एकटी गेलेली नाही. भुईकोट किल्ला तिनं सहलीत एकदा पाहिला, आणि तिच्या लक्षात राहिलं ते तिथं कुणीतरी दिलेलं चॉकलेट. लेखकाला शहराचा इतिहास माहीत असतो म्हणून तो पोराच्या तोंडी घालायचा मोह होतो. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून जाताना चिमीला इंग्रजांनी १९३० साली इथं लावलेला मार्शल लॉ आठवणार नाही. तिला वाटेल, यांच्यातला आपल्या अण्णांसारखा दिसणारा कोणता?

सिद्धरामेश्वरांची यात्रा, म्हणजे आपला गड्डा, हिला मात्र कादंबरीत जागा द्याच. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला शहर बदलून जातं. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, उंच नंदीध्वज, सम्मती कट्ट्याजवळ अक्षता सोहळ्याला जमलेली अफाट गर्दी, आणि ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ कानावर पडलं की एकाच वेळी उडणाऱ्या अक्षता. नऊ वर्षांच्या मुलीला गर्दीत दिसतात कमरा, पिशव्या आणि चपला. तिला सोहळा ऐकू येतो, दिसत नाही. ‘दिड्डम’ हा शब्द तिला इतका आवडतो की पुढे आठवडाभर ती तो म्हणत राहते. वडिलांनी खांद्यावर घेतलं तर ती पाहील, पण नऊ वर्षांची झाली म्हणून ते आता घेत नाहीत. हे एवढंसं दुःख तिच्यासाठी घरच्या उधारीपेक्षा मोठं आहे, आणि कादंबरीतही ते मोठंच असायला हवं.

मग होम मैदान. पाळणे, खेळणी, खाण्याचे गाडे. इथं एक इच्छा निवडा आणि तिला नेमकी किंमत लावा. चिमीला पाळण्यात बसायचंय, तिकीट तीस रुपये. तिच्याजवळ तोंडं मुडपल्याबद्दल आईनं दिलेले अठरा आहेत. बारा रुपये कमी. या बारा रुपयांवर अख्खं प्रकरण उभं राहतं. ती कुणाकडे मागेल, काय विकेल, भावाला काय कबूल करेल, शेवटी बसेल की नाही. अमूर्त गरिबीपेक्षा बारा रुपये लिहायला सोपे आणि वाचायला जड.

निरागसपण विरळ कधी होतं

बहुतेक नवखे लेखक इथं एक मृत्यू आणतात. मुलाचं बालपण एका रात्रीत संपवतात. असं होतही असेल, पण मी पाहिलंय ते वेगळं. मूल हलाखी कळल्यानं मोठं होत नाही, ती त्याला आधीपासून कळलेलीच असते. ते मोठं होतं ती झाकायला लागल्यावर.

चिमी रोज दुकानात जाऊन बिनधास्त ओरडते, “आईनं सांगितलंय वहीत लिहा!” एक दिवस दुकानात वर्गातली मैत्रीण तिच्या आईबरोबर उभी असते. चिमी थांबते. बरणीतल्या गोळ्या बघत असल्यासारखं करते. मैत्रीण गेल्यावर हळूच म्हणते, “वहीत लिहा.” आवाज खाली आला, एवढंच घडलं. कादंबरीचा कणा इथं आहे. हा प्रसंग साधारण दोन-तृतीयांश भाग झाल्यावर आणा, आणि त्याच्या आधी ती दुकानात निदान तीनदा मोठ्यानं ओरडलेली वाचकानं ऐकलेली असू द्या.

पुढच्या प्रकरणांत भाषाही किंचित बदलू द्या. आधी चिमी जे दिसेल ते सगळं सांगत होती, आता ती काही गाळायला लागते. वाचकाला ती गाळलेली जागा कळली पाहिजे.

माणसांशी बोलताना

स्वतःच्या आठवणी पुरत नाहीत. विड्या वळणाऱ्या बायकांशी बोला, पण त्यांचं काम चालू असतानाच, हात थांबवून नाही. त्यांचा वेळ म्हणजे मजुरी आहे. ‘तुम्हाला कसं वाटायचं?’ असं विचारलं की ऐकीव उत्तर मिळतं. ‘लहानपणी दप्तर कशाचं होतं?’, ‘पानं कशात भिजवायचात?’, ‘पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं काय घेतलं?’ असं विचारा. वस्तूंमागून गोष्टी येतात. खरी नावं, खरी घरं कादंबरीत आणू नका. ज्यांनी सांगितलं त्यांना लिहिलेला भाग वाचून दाखवा, विशेषतः ज्यांना वाचता येत नाही त्यांना. त्यांनी एखादी गोष्ट काढायला सांगितली तर काढा. लहान मुलांना मात्र मुलाखतीला बसवू नका. त्यांच्यात बसून खेळ पाहा, पुष्कळ मिळतं.

हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी बसायची सवय लावा. तुमच्या सालातली स्थानिक वर्तमानपत्रं पाहायला मिळाली तर बातम्यांपेक्षा जाहिराती वाचा. चपलेचा भाव, थिएटरात लागलेला सिनेमा, शिकवणीची फी. मुलाचं जग जाहिरातींत जास्त सापडतं.

लिहून झाल्यावर

पहिला खर्डा झाला की लाल पेन घेऊन काही शब्द शोधा: निरागस, निष्पाप, भाबडा, चिमुकला, इवलासा, गोंडस, बिचारा, दारिद्र्य, हलाखी, नियती. मुलाच्या निवेदनात यातला प्रत्येक शब्द खोडा आणि वाक्य पुन्हा वाचा. बहुतेक वेळा शब्द गेल्यानं काही बिघडत नाही. बिघडलं, तर त्या जागी दाखवायचं राहून गेलंय असं समजा आणि प्रसंग नव्यानं लिहा.

मग मोठ्यानं वाचा, शक्य तर एखाद्या नऊ-दहा वर्षांच्या मुलासमोर. ते कंटाळेल ती पानं मोठ्या माणसानं लिहिलेली आहेत.

शेवटाबद्दल दोन गोष्टी. चिमीला शिष्यवृत्ती देऊन, पुण्याला पाठवून सोडवू नका. आणि वाचक हळहळावा म्हणून तिला मारूही नका. कादंबरी संपेल तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची असेल, त्याच गल्लीत किंवा कुंभारीच्या नव्या घरात, आणि तिच्या हातात काहीतरी काम असेल. एवढ्यावर थांबायचं धाडस करा.

सुरुवात मात्र पहिल्या प्रकरणापासून करू नका. आज रात्री पाणी येण्याचा प्रसंग लिहा, तीनशे शब्दांत, तुमच्या चिमीच्या तोंडून. दिवा कुणी लावला, पहिलं भांडं कोणतं भरलं, कोण कुणावर ओरडलं, आणि तिला त्यातलं काय आवडलं. उद्या त्याच रात्रीचे तीनशे शब्द आईच्या तोंडून लिहा. आईचं पान कादंबरीत जाणार नाही. ते तुमच्या टेबलावर राहील, आणि चिमी काय काय सांगत नाहीये हे तुम्हाला त्यावरून कळत राहील.